हात हलतो म्हणून पिस्तूल बदलावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१, बैठी नोकरी. सात महिन्यांपूर्वी १० मीटर एअर पिस्तूल शिकायला सुरुवात केली आणि त्यात जीव रमला. क्लबचं एक सिंगल स्ट्रोक (दर शॉटला लीव्हर ओढून हवा दाबायचं) पिस्तूल तिघांमध्ये फिरतं. सरावात ६०० पैकी ५२०च्या आसपास गुण होतात, पण पहिल्या स्पर्धेत ४८७च झाले. दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज अशा: ८४, ८५, ८३, ८०, ७८, ७७. सामन्याआधीच्या तपासणीत ५०० ग्रॅमचं वजन लटकवताच ट्रिगर सुटला, तो तिथल्या तिथे घट्ट करून घ्यावा लागला. शेजारच्या लेनवर इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची पिस्तुलं, झापडं लावलेले चष्मे, खास बूट. "हात इतका थरथरत होता की लाज वाटली. ४८ मिनिटांत संपवून बाहेर आले." डावा डोळा मिटून नेम धरतात, शेवटी शेवटी तो दुखायला लागतो. क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज आपलं १२ वर्षांचं कॉम्प्रेस्ड एअरचं (सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेवर चालणारं) पिस्तूल विकायला काढताहेत. क्लबमधले सगळे म्हणतात, "स्वतःचं घेतल्याशिवाय पुढे जाणार नाहीस." नवरा म्हणतो, वर्षभर थांब. "जुनं घेऊ की नवं? की या वयात हे सगळं सोडूनच देऊ?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती सहा आकड्यांची ओळ. बहुतेक जण फक्त एकूण स्कोअर कळवतात आणि त्यावरून फारसं काही समजत नाही. तुम्ही सिरीजवार लिहिलंत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात सापडलं.

जरा हिशेब मांडू या. सरावात ५२० म्हणजे दर सिरीजला साधारण ८७. अर्ध्या सामन्यात, म्हणजे तीन सिरीजमध्ये, २६० व्हायला हवेत. स्पर्धेत तुमच्या पहिल्या तीन सिरीज मिळून २५२ झाल्या. आठ गुण कमी. पहिली स्पर्धा, अनोळखी रेंज आणि दहा मिनिटांपूर्वी घट्ट केलेला ट्रिगर, हे सगळं असताना आठच गुण गेले असतील तर मी तुमची पाठ थोपटेन. उरलेल्या तीन सिरीज मिळून २३५. इथे पंचवीस गेले. पिस्तूल वाईट असतं तर ते पहिल्या शॉटपासून वाईट असतं. तिसाव्या शॉटपर्यंत नीट चालून पुढे ते हळूहळू घसरत जाईल, असं होत नाही. घसरतो तो खांदा, घसरतात डोळे, आणि घसरतो आपला धीर.

आता ती ४८ मिनिटं. ६० शॉटसाठी नियमाने ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि साईटरसाठी (गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटसाठी) १५ मिनिटं वेगळी. म्हणजे दर शॉटला सव्वा मिनिट तुमच्या हक्काचं होतं आणि तुम्ही ४८ सेकंद वापरलेत. त्यातच लीव्हर ओढणं, छर्रा भरणं, श्वास घेणं, हात उचलणं आलं. माझी खात्री आहे की शेवटच्या वीस शॉटना याहूनही कमी वेळ गेला असेल. लाज वाटली की माणूस त्या जागेवरून लवकर निघून जायला बघतो. तुम्ही लेनवर उभं राहून तेच करत होतात. सत्तावीस मिनिटं तशीच टाकून आलात, आणि त्या मिनिटांत खांद्याला विश्रांती मिळाली असती.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे: चांगल्या नेमबाजाचा हात स्थिर असतो, माझा हलतो, म्हणजे एक तर माझं पिस्तूल कमी पडतंय किंवा मीच. हे गृहीतक नवशिक्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचं असतं. माझंही होतं, आणि त्यापायी मी दोन वर्षं वाया घालवली. म्हणून इथे जरा थांबून सांगते.

हात सगळ्यांचा हलतो. जगज्जेत्यांचाही हलतो, तुमच्यापेक्षा कमी एवढंच. प्रश्न असा आहे की कुठलं हलणं महाग पडतं. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि तो रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा, १६च्या आत नऊ, २४च्या आत आठ, ३२च्या आत सात. आता समजा, पुढची साईट (बॅरलच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) मागच्या साईटच्या खाचेत अगदी बरोबर बसलेली आहे, पण तुमचा सबंध हात ५ मिलिमीटर उजवीकडे सरकला. छर्राही ५ मिलिमीटरच उजवीकडे जाईल. दहाच! उलट हात जागेवर आहे, पण ट्रिगर दाबताना मनगट किंचित वळलं आणि पुढची साईट खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली. दोन साईटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर असतं, टार्गेट १० मीटरवर. ती चूक टार्गेटवर पोचेपर्यंत २८ मिलिमीटरची होते. दहाचा सात होतो.

हे एकदा स्वतः कागदावर रेघा मारून पाहा, पटेल. ज्या थरथरीची तुम्हाला लाज वाटली ती तुम्हाला नऊपर्यंत आणत असेल. सात आणि सहा येतात ते ट्रिगरला दिलेल्या झटक्याने. आणि झटका का बसतो? हलणारी साईट क्षणभर मध्यावर आली की "आत्ता!" म्हणून आपण बोट ओढतो. थरथरीची भीती जितकी जास्त, तितका तो "आत्ता" जोरात. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना पहिले काही आठवडे काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरूच देत नाही. काळ्याच्या खाली पांढऱ्या भागात हात विसावू द्यायचा, तिथे तो हलतोय तसा हलू द्यायचा, नजर पुढच्या साईटच्या वरच्या कडेवर ठेवायची, टार्गेट धूसर दिसू द्यायचं आणि बोटाचा दाब वाढवत राहायचं. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. हात खाली घेणं ही नामुष्की मानू नका. माझ्या एका चांगल्या सामन्यात मी चाळीसहून जास्त वेळा हात खाली घेतला होता.

हे माझं म्हणणं झालं. खरं-खोटं करायला दोन चाचण्या आहेत आणि त्या तुम्ही याच आठवड्यात क्लबमध्ये करू शकता. पहिली, पिस्तुलाची: प्रशिक्षकांना सांगून ते एखाद्या भक्कम आधारावर टेकवून दहा शॉट मारा. मॅच दर्जाचं ठीकठाक पिस्तूल असेल तर भोकं एकमेकांत मिसळून जवळजवळ एकच भोक दिसेल. तसं दिसलं तर पिस्तुलाच्या अचूकतेचा विषय तिथे संपला. दुसरी, तुमची: सहकाऱ्याला पिस्तूल तयार करून द्यायला सांगा, कधी छर्रा भरून, कधी नुसतं ड्राय फायरवर (छर्रा न भरता ट्रिगर दाबण्यासाठी) लावून, तुम्हाला न सांगता. ड्राय फायर असताना ट्रिगर सुटला की बॅरलच्या टोकाकडे बघा. ते खाली किंवा बाजूला गचकलं, तर तुमचे सात गुणांचे शॉट कुठून येतात ते डोळ्यांसमोर दिसेल. पहिल्यांदा पाहाल तेव्हा वाईट वाटेल, पण या एका चाचणीने जेवढं शिकवलं तेवढं मला दुसऱ्या कशानेच शिकवलेलं नाही.

ट्रिगरचंही यातच येतं. नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासणीत तो सुटला याचा अर्थ सात महिने तुम्ही त्याहून हलक्या ट्रिगरवर सराव केलात आणि सामन्यात अचानक जड ट्रिगर हाती आला. दोष तुमचा नाही. तिघांचं पिस्तूल आहे, कुणीतरी कधीतरी स्क्रू फिरवला असेल. पण यापुढे महिन्यातून एकदा तरी तपासणीचं वजन लावून बघा आणि ट्रिगर ५००च्या किंचित वर ठेवून त्याच्यावरच सराव करा.

आता एक गोष्ट, जी तुम्ही ओझरती लिहिलीत आणि जी पिस्तूल घेण्याआधी तपासलीच पाहिजे. डावा डोळा मिटता आणि तो दुखतो. तुमचा प्रबळ डोळा कुठला, हे कुणी पाहिलंय का? दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीत तशीच दिसत राहते तो प्रबळ. हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा निघाला तर घाबरू नका, असे नेमबाज पुष्कळ आहेत. पिस्तूल लांब हातावर असतं, त्यामुळे रायफलइतकी अडचण येत नाही. पण ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, उजव्या किंवा डाव्या हाताची म्हणूनच बनते, तेव्हा पैसे मोजण्याआधी हा निर्णय झालेला हवा.

बहुतेकांना मी हात न बदलण्याचा सल्ला देते. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर चष्म्याच्या काचेवर अर्धपारदर्शक पट्टी लावायची. नियम ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची परवानगी देतो. डोळा उघडा राहतो, प्रकाश दोन्हीकडे सारखा जातो, पापणीचे स्नायू आखडत नाहीत. साठ शॉटपर्यंत एक डोळा घट्ट मिटून ठेवणं ही फार मोठी मेहनत आहे आणि तुमच्या शेवटच्या तीन सिरीजमध्ये तिचा वाटा असणार. हात बदलून ऑलिम्पिक जिंकलेला माणूस आहे, हे मात्र खरं. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्यापुढे आहे.

डोळ्यांच्याच ओघात: तुम्ही ४१च्या आहात, चाळिशी लागायचं हेच वय. पुढची साईट तुमच्या डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते, आणि तीच स्पष्ट दिसायला हवी. वाचायच्या अंतरालाही नाही आणि लांबच्या टार्गेटलाही नाही, त्या एक मीटरला. हात ताणून अंतर मोजून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला एवढ्या अंतरावरची बारीक कड बघायची आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरत असाल तर रेंजवर तो नको. मान जराशी कलली की काचेचा नंबर बदलतो आणि साईट कधी स्पष्ट, कधी अंधूक दिसते. कुठलंही पिस्तूल घेण्याआधी ही काच घ्या. साध्या फ्रेममध्ये बसवली तरी चालेल. तुमच्या जागी मी असते तर पहिला खर्च हाच केला असता.

खास चष्म्यांबद्दल तुमच्या पत्रात जी हुरहुर आहे ती समजते. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कीचे युसुफ दिकेच नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरताना सगळ्या जगाने पाहिले. मिश्र सांघिक एअर पिस्तुलात त्यांना आणि शेवाल इलायदा तरहान यांना रौप्य मिळालं. त्याच ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या एअर पिस्तुलात रौप्य जिंकणाऱ्या कोरियाच्या किम ये-जी नेमबाजीचा खास चष्मा लावून उभ्या होत्या. दोघांनाही आपल्या डोळ्याला काय लागतं ते नेमकं माहीत होतं. दिकेच यांचा फोटो दाखवून "साहित्याची गरजच नसते" असं म्हणणारे मला भेटतात, तेव्हा मी त्यांना त्या हातातलं पिस्तूल बघायला सांगते. ते उत्तम दर्जाचं मॅच पिस्तूल होतं आणि त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता. आणि हो, दिकेच तेव्हा ५१ वर्षांचे होते, पाचवं ऑलिम्पिक खेळत होते. तुमच्या "या वयात" या शब्दांना याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही. ते कोवळ्या वयात सुरुवात करून तिथे पोचले नसतील, आणि तुम्ही ऑलिम्पिकला जाल असंही मी म्हणत नाही, पण या खेळात शरीर चाळिशीत हात वर करत नाही, एवढं नक्की.

मग पिस्तूल घ्यायचंच नाही का? घ्यायचं. पण कारण नीट ओळखून. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात भक्कम वाटतं ते तुम्ही कारण म्हणून मांडलंच नाहीये, नुसतं ओघात लिहिलंत: एक पिस्तूल तिघांमध्ये फिरतं. ग्रिपची तळव्याखालची फळी कुणी वर सरकवतो, कुणी खाली, साईटचे क्लिक प्रत्येक जण आपापल्या डोळ्याप्रमाणे फिरवतो, आणि तुम्ही दर वेळी नव्या पिस्तुलाशी ओळख करून घेता. हा खेळ एकच कृती साठ वेळा तशीच करण्याचा आहे. ज्याचा आकार रोज बदलतो त्या वस्तूबरोबर ते शिकणं कठीण जातं. तोवर एक करा. तुमच्या हाताला बसणारी फळीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा, फोटो काढा, साईटचे क्लिक वहीत लिहा, आणि दर वेळी सुरुवातीला तसंच लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं खरं कारण थकवा. सिंगल स्ट्रोकमध्ये दर शॉटला लीव्हर ओढावा लागतो. साईटर धरून सामन्यात सत्तर-पंचाहत्तर वेळा. कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलात हे कष्ट नसतात आणि सामन्याच्या उत्तरार्धात त्याचा फायदा होतो, हे मी मान्य करते. तुमच्या पंचवीस गुणांतले काही नव्या पिस्तुलाने परत येतील. पण किती? तुम्ही पूर्ण ७५ मिनिटं वापरली, दर सिरीजनंतर पिस्तूल टेबलावर ठेवून मिनिटभर बसलात, डोळा मिटणं थांबवलंत, की मगच ते कळेल. एकदम सगळं बदललं तर कशाने फरक पडला हे कधीच समजणार नाही.

आणि घ्यायची वेळ येईल तेव्हा आधी ग्रिप बघा, मग बाकीचं. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, पार्दिनी ही या खेळातली जुनी, नावाजलेली नावं आहेत. यांतलं कुठलंही मॅच पिस्तूल तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. ते तुमचं होतं की नाही हे मुठीवर ठरतं. कसं बघायचं सांगते. पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री करा, बॅरल टार्गेटच्याच दिशेला ठेवा. नेहमीसारखं उभं राहून पकड घ्या, डोळे मिटा, हात नेमाच्या उंचीवर न्या, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साईट खाचेत आपोआप मध्यावर आली आहे का? डावीकडे किंवा उजवीकडे कललेली असेल तर ती मूठ तुमच्या मनगटाला सतत मुरड घालायला लावणार. मग ट्रिगरचं बोट बघा. त्याच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे आणि बाकीचं बोट लाकडाला कुठेही चिकटता कामा नये.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिलं पिस्तूल नाव बघून घेतलं, ग्रिप एक माप मोठी. बोट लाकडाला घासायचं आणि दर शॉट डावीकडे जायचा. सबंध हंगाम मी साईटचे क्लिक उजवीकडे फिरवत राहिले. शेवटी एका जुन्या नेमबाजाने माझा हात धरून बघितला, कानस मागवली आणि लाकडाचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग घासून काढला. क्लिक परत मूळ जागी आले. तेव्हापासून ग्रिपला कानस लावायला किंवा खोलगट जागी लाकडाची पुट्टी भरायला मी भीत नाही, तुम्हीही भिऊ नका. फक्त मनगट पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे. ग्रिपने हाताला वेढा घातला किंवा मनगटाला आधार दिला तर तपासणीत ती बाद होते. तळव्याखालची फळी वर वळलेली नको, हाही नियम आहे. सगळं पिस्तूल मिळून दीड किलोच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावणारं हवं. नामांकित मॅच पिस्तुलांना त्याची चिंता नसते, घरी केलेल्या बदलांना असू शकते.

आता ते १२ वर्षांचं पिस्तूल. वयाने पिस्तूल म्हातारं होत नाही, सील बदलत राहिलं तर ते पुढेही छान चालतं. सिलिंडरचं मात्र तसं नाही. त्याच्यावर तारीख कोरलेली असते आणि त्याची वैधता साधारण १० वर्षं धरतात. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडवला जाऊ शकतो आणि २०० बार दाबाची वस्तू हातात धरताना तो धोका घेऊच नये. मूळचाच सिलिंडर असेल तर त्या पिस्तुलाची खरी किंमत म्हणजे सांगितलेली किंमत अधिक नवा सिलिंडर. दोन गोष्टी आणखी: सिलिंडर भरून, दाबाचा आकडा लिहून पिस्तूल दोन दिवस तसंच ठेवा, काटा उतरला तर गळती आहे. आणि तुमच्या क्लबमध्ये हवा भरायची सोय आहे का, तिचा जोड या सिलिंडरला बसतो का, ते आधी बघा. हे सगळं ठीक निघालं आणि ग्रिप तुमच्या हाताला बसली किंवा बसवता आली, तर माझं मत त्या जुन्या पिस्तुलाच्या बाजूने आहे. नवं पण हलक्या दर्जाचं, ट्रिगर आणि ग्रिप दोन्ही जुळवता न येणारं पिस्तूल मी कुणालाच सुचवत नाही. ते वर्षभरात अडगळीत जातं. विकणारे ज्येष्ठ तुमच्याच क्लबचे आहेत, म्हणजे महिनाभर वापरून बघू द्या असं विनवता येईल. विचारायला संकोचू नका.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तो उत्तम असतो, स्वच्छ सुटतो, पण तुमची अडचण बोटात आहे आणि तो बोट बदलत नाही. साहित्य कुणाचंही, कुठेही बिघडू शकतं. मनु भाकर यांचं पिस्तूल टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदकं जिंकली. त्या बातमीतून मी एवढंच घेतलं की आपल्या पिस्तुलाचा प्रत्येक स्क्रू आपल्याला माहीत हवा. साधी रचना असलेलं पिस्तूल नवशिक्याला त्या दृष्टीने जास्त शिकवतं.

बुटांचं लवकर उरकते: घोट्याच्या खाली राहणारे, सपाट तळव्याचे, पाय न डुगडुगणारे कुठलेही बूट चालतील. घोटा झाकणारे नियमात बसत नाहीत. छर्रे सपाट डोक्याचे, एकाच प्रकारचे वापरत राहा. शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

तुमच्या मिस्टरांचं "वर्षभर थांब" आणि क्लबमधल्यांचं "स्वतःचं घे" यांत मला भांडण दिसत नाही. दोघंही तुमच्या भल्याचंच सांगताहेत. मी मधला काळ सांगेन: तीन महिने आणि दोन स्पर्धा. पण तारखेपेक्षा खूण महत्त्वाची. छर्रा न भरता सुटलेल्या दहापैकी आठ शॉटना बॅरलचं टोक जागचं हललं नाही, आणि सामन्याची शेवटची सिरीज पहिलीच्या तीन-चार गुणांच्या आत राहिली, की पिस्तूल घ्या. तेव्हा नवं पिस्तूल हातात आल्यावर त्याने काय दिलं हे तुम्हाला ओळखता येईल. त्याआधी घेतलंत तरी आभाळ कोसळणार नाही, मात्र पहिल्या पडत्या स्कोअरला तुम्ही त्याच्याकडेही संशयाने बघाल.

"पुढे जाणार नाहीस" या वाक्याने तुम्हाला टोचलेलं दिसतं. पुढे म्हणजे कुठे, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. राज्य-देशाच्या संघात? क्लबमध्ये पहिलं यायला? की रोज संध्याकाळी तासभर डोकं शांत व्हायला? तुमच्या पत्रातलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं, "त्या दहा सेकंदांत मला दुसरं काहीच आठवत नाही." ते दहा सेकंद क्लबच्या पिस्तुलानेही मिळताहेत. खर्चाचा निर्णय घेताना हे वाक्य समोर ठेवा.

तोवर घरी करण्यासारखं: पिस्तूल घरी नाही, म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, ती साधारण मॅच पिस्तुलाइतकीच जड असते. हात ताणून तीस सेकंद धरा, एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा, एक दिवसाआड. खांद्यात कळ आली तर थांबा, ताकद महिन्यांनी येते. उद्या स्वतःचं पिस्तूल घरी आलं की कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा, रोज वीस मिनिटं, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवून. दर वेळी हातात घेताना बॅरल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोट ट्रिगरबाहेर, आणि काम झालं की सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण) लावून कुलपात. पिस्तूल बाळगण्याचे तुमच्याकडचे नियम क्लबकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

पुढच्या सामन्यात दर सिरीजनंतर पिस्तूल खाली ठेवा, बसा, पाणी प्या, घड्याळ बघा. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा सहा सिरीजचे आकडे, किती वेळा हात खाली घेतलात आणि एकूण किती मिनिटं लागली, एवढं कळवा. मी वाट पाहते.